पलंगापासून मागे मोजत या: शुश्रूषा केंद्रांना सामान पुरवणाऱ्या कंपनीचा महिना कसा आखावा

शुश्रूषा केंद्रं, वृद्धाश्रम आणि घरीच अंथरुणाला खिळलेली माणसं यांना सामान पुरवणाऱ्या कंपनीचा महिना बहुतेक ठिकाणी बिलांभोवती फिरतो. सुरुवातीला वसुली, मधे ऑर्डरी, शेवटी विक्रीचा आकडा गाठण्याची धावपळ. अशा आखणीत गोदाम भरलेलं दिसतं, आणि तरीही रात्री दोन वाजता कुणाच्या तरी पलंगाशी योग्य मापाचा डायपर नसतो. म्हणून आखणी पलंगापासून सुरू करायची. ही वस्तू संपली किंवा बंद पडली, तर या माणसाला तिच्यावाचून किती वेळ काढता येईल? साठा किती, फेरी कधी, दुरुस्ती किती लवकर, रात्री फोनवर कोण, हे सगळं या उत्तरावरून ठरतं.

आधी तासांची यादी

पहिलं चक्र सुरू होण्याआधी प्रत्येक केंद्रात जाऊन तिथल्या परिचारिकेबरोबर बसा आणि पलंग क्रमांकानुसार यादी करा. चार रकाने पुरतात: मिनिटं, काही तास, एक रात्र, काही दिवस.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) आणि सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं यंत्र) मिनिटांच्या रकान्यात जातात. ज्याला आधीच बेडसोर (सतत दाब पडून झालेली जखम) आहे आणि स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याची एअर मॅट्रेस (पंपाने कप्प्यांत हवा भरणारी गादी) तासांच्या रकान्यात, कारण हवा गेली की तो माणूस पलंगाच्या पत्र्यावर झोपल्यासारखाच असतो. डायपर, अंडरपॅड, हातमोजे, युरिन बॅग हे एका रात्रीचं सामान. व्हीलचेअर सहसा दिवसांच्या रकान्यात.

‘सहसा’ म्हणायचं कारण असं की तीच वस्तू दोन माणसांसाठी दोन वेगळ्या रकान्यांत असू शकते. वॉकर धरून रात्री एकटं शौचालयात जाणाऱ्या आजोबांचा वॉकर मोडला, तर ते त्याच रात्री पडू शकतात. म्हणून यादी वस्तूंच्या नावाने केली की ती फसते. ती पलंगानेच करायची, आणि माणसाची स्थिती बदलली की रकानाही बदलायचा.

रकान्यावरून नियम ठरतो. मिनिटांच्या वस्तूचा पर्याय पलंगाशेजारीच हवा. आपल्या गोदामातल्या मशीनचा त्या क्षणी काही उपयोग नाही. तासांच्या वस्तूसाठी तपासून तयार ठेवलेलं जादा यंत्र गोदामात, आणि ते घेऊन निघू शकणारा माणूस दिवसरात्र उपलब्ध. एका रात्रीच्या वस्तूंचा जादा साठा केंद्राच्या कपाटात. दिवसांच्या वस्तू नेहमीच्या फेरीत.

कॉन्सन्ट्रेटर बंद पडल्यावर ऑक्सिजनचं सिलिंडर किती वेळ पुरेल, हा हिशेब प्रत्येक पलंगासाठी लिहूनच ठेवा. सिलिंडरमधला वायू लिटरमध्ये भागिले दर मिनिटाचा प्रवाह, म्हणजे मिळालेली मिनिटं. ६८० लिटरचं भरलेलं सिलिंडर २ लिटरच्या प्रवाहावर ३४० मिनिटं, म्हणजे ५ तास ४० मिनिटं चालतं. तेच ५ लिटरवर सव्वादोन तासांत संपतं. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा. तुमचा माणूस वाहतुकीतून, पावसातून, रात्रीतून त्या वेळेच्या आत पोहोचणार नसेल, तर दुसरं सिलिंडर तिथे आधीच ठेवायला हवं.

महिना २८ दिवसांचा धरा

कॅलेंडरचा महिना पुरवठ्यासाठी सोयीचा नाही. कधी २८, कधी ३१ दिवस; त्यात वार सरकतात, आणि ‘दर महिन्याच्या ५ तारखेला’ ठरवलेली फेरी कधी रविवारी येते. हिशेब करून पाहा. ४० पलंगांच्या केंद्रात २४ जणांना डायपर लागतो, प्रत्येकी दिवसाला ४. रोजचे ९६ झाले. २८ दिवसांना २,६८८, तर ३१ दिवसांना २,९७६. ठरलेला ‘महिन्याचा माल’ २८ दिवसांचा धरून पाठवला, तर लांब महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत २८८ डायपर कमी पडतात. मग केंद्रातले लोक काटकसर म्हणून एकच डायपर जास्त वेळ ठेवतात, आणि त्याची किंमत कातडी मोजते.

त्याऐवजी चार आठवड्यांचं चक्र लावा. प्रत्येक केंद्राला ठरलेला वार मिळतो, केंद्रातले लोक त्या दिवशी कपाट मोकळं ठेवतात, वर्षाला १३ चक्रं होतात. बिलं आणि हिशेब कॅलेंडरच्या महिन्यानेच राहू द्या. लेखा विभागाला फक्त चलानावरची तारीख लागते.

पहिला आठवडा: मोजणी

मोजणी दोन ठिकाणी होते, गोदामात आणि केंद्राच्या कपाटात. दुसरी जास्त महत्त्वाची. केंद्राला फोन करून ‘काय काय शिल्लक आहे?’ विचारलं की अंदाजाने उत्तर मिळतं. आपला माणूस स्वतः जाऊन मोजतो तेव्हा उघडी पाकिटं, मुदत संपलेले डबे, दुसऱ्या मजल्यावर लपवून ठेवलेला माल हे सगळं दिसतं. लपवलेला माल सापडला तर रागवू नका. मागे कधीतरी तुटवडा झाला होता म्हणून तो लपवला गेला आहे. पुरवठा दोन-तीन चक्रं नीट चालला की हा प्रकार आपोआप थांबतो.

मोजताना मापं वेगळी लिहा. एकूण आकडा इथे हमखास फसवतो. एकूण डायपर भरपूर, पण एल संपलेला आणि एम-एक्सएल पडून, ही रोजची गोष्ट आहे. मग एलच्या जागी एम घातला की मांड्यांना काचतो, एक्सएल घातला की फटीतून गळतो. गळती थांबावी म्हणून आत दुसरं पॅड घालतात. वरच्या पॅडच्या खालच्या प्लास्टिकमुळे ओल खालच्या पॅडपर्यंत पोहोचतच नाही, आणि कातडी ओलीच राहते. माप कमरेच्या आणि नितंबाच्या घेरावरून, टेपने सेंटिमीटरमध्ये घ्यायचं, दोन्हींतलं जे मोठं ते धरायचं. वजन पाहून माप ठरवू नका. जाड माल म्हणजे चांगला माल हेही खरं नाही. पाकिटावरचा शोषणाचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, आयएसओ ११९४८-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने पूर्ण भिजवून काढलेला. अंगावर, दाबाखाली, त्याच्या बराच आधी गळती सुरू होते.

हातमोज्यांचा खप कामांवरून काढा. अंगाला हात लावायच्या प्रत्येक कामाला नवी जोडी. एका पलंगामागे दिवसाला ८ अशी कामं धरली, तर ४० पलंगांना रोज ६४० नग लागतात, आणि २८ दिवसांना १७,९२०. १०० नगांचे १० डबे असलेले १८ कार्टन झाले. केंद्राची मागणी याच्या निम्मी येत असेल तर बचतीचं कौतुक करण्याआधी विचारा की एकाच जोडीने किती पलंग होत आहेत.

गोदामात मुदतीचा नियम असा: जे आधी संपणार ते आधी जाणार. आधी आलेलं आधी पाठवलं म्हणजे झालं, असं नाही. उशिरा आलेल्या खोक्याची मुदत आधीची असू शकते. रॅकवर पुढच्या बाजूला मुदतीचा महिना-वर्ष मोठ्या अक्षरांत चिकटवा. हातमोजे आणि लॅटेक्सच्या नळ्या उन्हापासून आणि चालू मोटारींपासून दूर ठेवा, कारण मोटारीतल्या ठिणग्यांमुळे तयार होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना उष्णता आणि दमट हवा दोन्ही चालत नाहीत. बहुतेकांवर कमाल तापमान ३० अंश लिहिलेलं असतं, आणि पत्र्याच्या छताखालचा वरचा रॅक दुपारी ते सहज ओलांडतो. डायपरची खोकी जमिनीवर नकोत. पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवा. खालच्या खोक्याने ओल धरली की शोषक भुकटी आतल्या आत फुगते, आणि हे बाहेरून कळत नाही.

दुसरा आठवडा: खरेदी, आवक, फेरी

मागणी कधी नोंदवायची, यासाठी साधं गणित आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे सर्वाधिक दिवस. सरासरी दिवस धरू नका. पुरवठादार नेहमी ९ दिवसांत देतो, पण मागे एकदा १४ लागले, तर १४ धरा. एल मापाचा खप रोज ४८ असेल तर ४८ × १४ = ६७२. त्यात आणखी एक गोष्ट लोक विसरतात: तुम्ही साठा आठवड्यातून एकदाच बघत असाल, तर मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी पातळी खाली गेलेली तुम्हाला सहा दिवस कळणार नाही. म्हणून ७ दिवसांचा खप, ३३६, त्यात मिळवा. साठा १,००८ नगांवर, म्हणजे १० च्या साधारण १०१ पाकिटांवर आला की मागणी गेली पाहिजे.

आवक तपासताना खोकी मोजून सही करणं पुरेसं नाही. प्रत्येक बॅचमधलं एक खोकं उघडा. नाव, माप, बॅच क्रमांक, मुदत, आणि खोक्यावरची माहिती आतल्या पाकिटाशी जुळते का ते पाहा. हातमोज्यांची साधी चाचणी गोदामातच होते: मोज्यात १ लिटर पाणी भरा, टांगा, २ ते ३ मिनिटं थांबा, थेंब येतो का बघा. एका डब्यातले चार-पाच मोजे तपासल्याने बॅच पास ठरत नाही, पण त्यातले दोन गळले तर ती बॅच बाजूला काढून पुरवठादाराला विचारायला तेवढं पुरेसं आहे.

बदली मालाबद्दल इथे ठामपणे सांगायला हवं. मागितलेला ब्रँड नाही म्हणून ‘तसाच’ दुसरा न विचारता पाठवणं ही या धंद्यातली सर्वांत घातक सवय आहे. पेय दाट करायच्या पावडरचं उदाहरण घ्या. गिळायला त्रास असलेल्या माणसाचं पेय ठरावीक दाटपणाचं लागतं, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. स्टार्चची पावडर ठेवल्यावर आणखी घट्ट होत जाते आणि तोंडातल्या लाळेने पुन्हा पातळ होते. झँथन गमची पावडर तशी बदलत नाही. दोन्हींच्या चमच्याचं मोजमाप वेगळं. डबा बदलला आणि मदतनीस जुन्याच मापाने चमचे घालत राहिला, तर पेय चुकीच्या पातळीचं होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून बदल करायचाच असेल तर परिचारिकेची लेखी संमती, डब्यावर मोठी सूचना, आणि पहिल्या दिवशी तिथेच करून दाखवणं, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय माल गाडीत चढवू नका.

फेरीच्या दिवशी गाडी उलट्या क्रमाने भरा, शेवटचं केंद्र सर्वांत आत. स्वच्छ माल आणि परत येणारं वापरलेलं सामान एकाच कप्प्यात कधीच नको. मधे पक्की आडभिंत नसेल तर परतीची फेरी वेगळी करा. ऑक्सिजन सिलिंडर व्हॉल्व्ह बंद करून, बांधून, हवा खेळती असलेल्या गाडीत, आणि त्यांच्या जोडणीला तेल-ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही. जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा टाळा. त्या वेळी पोहोचलेला माल दारातच पडून राहतो आणि सही न बघता होते. माल कपाटात लावूनच निघायचं, जुना पुढे, नवा मागे. हे दहा मिनिटांचं काम केंद्रावर सोडलं की पुढच्या मोजणीत मुदत संपलेले डबे सापडतात.

तिसरा आठवडा: यंत्रं आणि उपकरणं

हा आठवडा तंत्रज्ञांचा. त्यांना इतर कामांना जुंपू नका.

एअर मॅट्रेस. पंप चालू आहे आणि हिरवा दिवा लागला आहे, म्हणजे गादी काम करते आहे असं नाही. माणूस गादीवर असतानाच तपासा. पंप स्टॅटिक मोडवर (सगळे कप्पे एकदमच भरलेले ठेवणाऱ्या) टाका, सगळे कप्पे भरू द्या, मग तळहात वर करून माकडहाडाच्या बरोबर खाली, कप्प्यांच्या खालून हात सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये किमान २.५ सेंटिमीटर भरलेली हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टेकत असेल तर दाब कमी आहे. पंपावरचं वजनाचं बटण त्या माणसाच्या आताच्या वजनाशी जुळतं का पाहा. भरती होतानाचं वजन सहा महिन्यांनी तेच नसतं. बटण ‘मऊ हवं’ किंवा ‘कडक हवं’ म्हणून नातेवाइकांनी फिरवलेलं असणंही नेहमीचंच. तपासणी संपली की पुन्हा आलटून-पालटून भरणाऱ्या मोडवर टाका, हे विसरलं तर सगळी तपासणी उलटी पडते. पंपाचा फिल्टर काढून धूळ झटका. गादीवर किती थर आहेत ते मोजा: चादर, अंडरपॅड, दुमडलेलं ब्लँकेट, वर रबरी शीट. चार थरांखाली गादी दाब वाटून देऊच शकत नाही. घट्ट खोचलेली चादरही तेच करते.

फोमची गादी. कव्हरची चेन उघडून आत बघा. आतल्या फोमवर डाग असेल तर कव्हर गळतं आहे, बाहेरून ते कितीही स्वच्छ दिसो. शंका असेल तर कव्हरखाली टिश्यू पेपर ठेवा, वर थोडं पाणी ओता, मुठीने दाबा, थोडं थांबा, कागद बघा. फोमसाठी दोन्ही हातांची बोटं गुंतवून मुठीने मधोमध शरीराचं वजन टाकून दाबा; पलंगाचा पत्रा लागला तर फोम बसला आहे. कव्हरवरचा पॉलियुरेथेनचा थर पुन्हा पुन्हा स्पिरिटने पुसल्याने आणि क्लोरीन न धुता सोडल्याने खराब होतो. चिकट, चमकणारे किंवा फुगलेले पट्टे दिसले की केंद्राला विचारा ते काय वापरतात, नाहीतर नव्या कव्हरचंही तेच होईल.

पलंगाचा कठडा. इथे मोजपट्टी लागतेच. आयईसी ६०६०१-२-५२ या विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कठड्याच्या दांड्यांमधली फट १२० मिमीपेक्षा कमी असावी, कारण त्यापेक्षा मोठ्या फटीत डोकं अडकू शकतं. गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून कठड्याचा वरचा काठ किमान २२० मिमी उंच हवा. कंपनी म्हणून आपली जबाबदारी इथे थेट येते, कारण हे अंतर आपण पुरवलेल्या गादीने बदलतं. जुन्या फोमवर १०० मिमीची एअर मॅट्रेस टाकली की कठडा तेवढाच बुटका होतो आणि माणूस त्यावरून कोसळू शकतो. म्हणून गादी बदलायच्या प्रत्येक ऑर्डरवर पलंगाचं मॉडेल आणि कठड्याची उंची हे दोन रकाने सक्तीचे करा. गादी अरुंद असेल तर बाजूच्या फटीत माणूस अडकतो, तीही मोजा.

पेशंट लिफ्ट आणि स्लिंग. लिफ्ट म्हणजे माणसाला पलंगावरून उचलणारं यंत्र, आणि स्लिंग म्हणजे त्याला ज्यात बसवून उचलतात ती कापडी झोळी. आयएसओ १०५३५ हे या उपकरणांचं मानक. लिफ्टची सविस्तर तपासणी वर्षातून किमान एकदा आणि स्लिंगची सहा महिन्यांतून एकदा हा किमान पाया; उत्पादकाने किंवा तिथल्या कायद्याने कमी अंतर सांगितलं असेल तर ते पाळायचं. मासिक भेटीत लेबल वाचता येतं का, शिलाई उसवली आहे का, पट्ट्यांच्या घडीत धागे तुटलेत का हे बघा. लेबल पुसलं गेलं असेल तर क्षमता कळत नाही, तेव्हा स्लिंग बाद. ब्लीचमध्ये धुतलेली स्लिंग फिकट आणि ताठ होते, तिचा धागा आतून कमजोर झालेला असतो, तीही बाद. बाद स्लिंग तिथेच कापा. सुस्थितीत दिसणारी बाद स्लिंग कचऱ्यातून पुन्हा वापरात येते. लूपच्या स्लिंगा लिफ्टच्या क्लिपवाल्या बारवर (स्लिंग अडकवायच्या दांड्यावर) लागत नाहीत, आणि मापाचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे; एकाच केंद्रात दोन कंपन्यांच्या स्लिंगा शक्यतो ठेवूच नका. लिफ्टचं आणीबाणीत खाली आणायचं बटण वजन टाकून चालवून बघा, आणि तिथल्या मदतनिसांना ते कुठे आहे हे विचारा.

लिफ्टच्या बॅटऱ्या अनेकदा १२ व्होल्टच्या दोन, मिळून २४ च्या, शिसे-आम्लाच्या असतात. पूर्ण भरलेली एक बॅटरी काही तास शांत ठेवल्यावर साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. गोदामात पडून असलेल्या लिफ्टच्या बॅटऱ्या दर चक्रात भरल्या नाहीत, तर पट्ट्यांवर सल्फेट साचून त्या कायमच्या मरतात, आणि हे कळतं नेमकं आणीबाणीत लिफ्ट बाहेर काढल्यावर.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. मशीन २० मिनिटं चालवून मग ॲनलायझर (ऑक्सिजनची शुद्धता मोजणारं यंत्र) लावा, माणसाला लागणाऱ्या प्रवाहावर आणि कमाल प्रवाहावर असं दोनदा. शुद्धता ९३ टक्के, तीन अलीकडे-पलीकडे, अशी असते. कमी प्रवाहावर ठीक पण कमाल प्रवाहावर घसरते, म्हणजे झिओलाइटने (मशीनमधल्या, हवेतला नायट्रोजन शोषून घेणाऱ्या दाण्यांनी) ओलावा धरला आहे किंवा कॉम्प्रेसर थकला आहे. मशीन अजून अलार्म देत नसलं तरी ते याच आठवड्यात बदला. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळवून लावायचा. ओला फिल्टर लावला की दमट हवा थेट आत जाते. भिंतीपासून आणि पडद्यापासून ३० सेंटिमीटर दूर.

व्हीलचेअर लवकर होते: दोन्ही ब्रेक, टायरमधली हवा, पुढच्या लहान चाकांच्या आसात गुंडाळलेले केस आणि धागे. हवा कमी असलेल्या टायरवर ब्रेक नीट पकडत नाही, म्हणून हवा आधी, ब्रेक नंतर.

विजेच्या उपकरणांची सुरक्षा चाचणी आयईसी ६२३५३ प्रमाणे. अर्थिंग असलेल्या उपकरणाचा, वायरसकट, अर्थचा रोध ०.३ ओहमच्या आत हवा. वायर हलवत मोजा; पलंग वरखाली करताना चेंगरलेली वायर स्थिर असताना पास होते आणि हलवली की आकडा उडी मारतो.

चौथा आठवडा: परतीचा माल, शिकवणं, बॅचचा शोध

परत आलेल्या सामानासाठी एकच दिशा ठेवा: अस्वच्छ दार, धुण्याची जागा, वाळवण्याची जागा, तपासणी, स्वच्छ रॅक. मागे वळणं नाही. प्रत्येक वस्तूवर आत येताना लाल पट्टी, आणि स्वच्छता व तपासणी दोन्ही झाल्यावरच हिरवी. आधी साबणाने मळ काढा, मग जंतुनाशक. मळावर क्लोरीन टाकलं की ते मळातच संपतं. सर्वसाधारण पृष्ठभागाला १,००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग) क्लोरीन, रक्त सांडलेलं असेल तर १०,०००. लेबलवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. लघवीवर थेट क्लोरीन कधीच ओतायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. आधी टिपून घ्या. आम्लयुक्त क्लीनरबरोबरही ते मिसळू नका.

शिकवण्यासाठी केंद्रात तासभर पुरतो, आणि विषय एकच. चार उपकरणं एका दुपारी दाखवली तर एकही लक्षात राहत नाही. रात्रपाळीच्या लोकांसाठी वेगळी वेळ ठेवा. बिघाड त्यांच्या वाट्याला येतात आणि प्रशिक्षण दिवसपाळीला मिळतं. पेयाच्या दाटपणाच्या पातळ्या ठरवणाऱ्या आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीची चाचणी शिकवायला सोपी आहे. १० मिलीची सिरिंज घ्या, जिच्यावर शून्यापासून १० पर्यंतचं अंतर ६१.५ मिमी आहे. टोक बोटाने बंद करून १० मिलीपर्यंत पेय भरा, बोट काढा, १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ उरलं तर पातळी १, ४ ते ८ तर पातळी २, ८ पेक्षा जास्त उरूनही थोडं वाहिलं तर पातळी ३. काहीच वाहिलं नाही तर पातळी ४ असू शकते, तिची खात्री काट्याने आणि चमच्याने करतात. पावडरचा डबा पलंगाशेजारी उघडा ठेवू नका हे त्याच बैठकीत सांगा. कोरडी पावडर तोंडात गेली तर घशात फुगून श्वास अडवते.

बॅचच्या शोधाचा सराव दर चक्रात एकदा. गोदामातली कुठलीही एक बॅच निवडा आणि समजा की ती परत बोलवायची आहे. ती कुठे कुठे आहे? आवक बरोबर शिल्लक अधिक पाठवलेली अधिक बाद, हे जुळलं पाहिजे. युरिन बॅगची बॅच ४०० नगांची, शिल्लक १३०, पाठवलेल्या २६२, नमुना व फाटक्या ८, जुळलं. जुळत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात: चलानावर वस्तूचं नाव आहे पण बॅच क्रमांक नाही, एका टोपलीत दोन बॅचा मिसळल्या, किंवा परत आलेला माल नोंद न करता रॅकवर गेला. एका टोपलीत एकच बॅच, हा नियम पाळला तर निम्मा गोंधळ संपतो. केंद्रांची नावं आणि नगांची संख्या असलेली यादी चार तासांत हातात यावी; जास्त वेळ लागत असेल तर कुठे अडलं ते लिहा आणि पुढच्या चक्रात तीच पायरी पुन्हा तपासा.

फोनवरची ड्यूटी

ही आठवड्यांत बसत नाही, ती रोज आहे. फोन घेणाऱ्याकडे तासांची यादी उघडी हवी आणि पहिला प्रश्न पलंग क्रमांकाचा. एअर मॅट्रेसचा अलार्म वाजतोय म्हणून फोन आला तर या क्रमाने विचारा:

१. सीपीआर व्हॉल्व्ह (आणीबाणीत गादीतली हवा झटकन सोडणारी झडप) बंद आहे का? चादर बदलताना तो ओढला जातो.
२. पंपाच्या नळ्या दोन्ही टोकांना घट्ट बसल्या आहेत का, पलंगाच्या सांध्यात चेंगरल्या आहेत का?
३. कुठला एखादा कप्पा सुटला किंवा सपाट पडला आहे का?
४. हे सगळं ठीक असेल तर पंप. जादा पंप घेऊन निघा.

पहिल्या दोन प्रश्नांत पुष्कळ अलार्म थांबतात. तोपर्यंत त्या माणसाला कुशीवर वळवून साध्या फोमच्या गादीवर घ्यायला सांगा आणि किती वाजता पोहोचाल ते सांगा. वेळ न सांगता ‘पाठवतो’ म्हणणं म्हणजे परिचारिकेला अंधारात ठेवणं.

चक्राचे आकडे

वेळेवर पोहोचलेल्या फेऱ्यांचा टक्का भिंतीवर लावायला बरा दिसतो, पण तो पलंगाबद्दल काहीच सांगत नाही. तीन आकडे पुरतात. पलंगाशी वस्तू नव्हती असे प्रसंग किती, प्रत्येकाच्या पुढे वस्तू आणि माप. तातडीच्या फेऱ्या किती; कारण तातडीची फेरी वेळेत पोहोचली तरी तिच्यामागे कुठलं तरी मोजमाप चुकलेलं असतं. आणि यंत्र बंद पडल्यापासून पर्याय चालू होईपर्यंतचा वेळ, रकान्यानुसार; सरासरी नको, सर्वांत लांबलेला प्रसंग हवा. मिनिटांच्या रकान्यातला सर्वांत वाईट प्रसंग सव्वा तासाचा असेल, तर इतर सगळ्या फेऱ्या वेळेत झाल्या तरी पुढच्या चक्राचं पहिलं काम तेच: त्या पलंगाशी दुसरं सिलिंडर, आणि त्या केंद्राच्या रात्रपाळीला ते जोडून दाखवणं.